मदत हवी आहे: चित्रं ऑनलाइन विकली जात नाहीत, वेबसाइटचे पैसे भरू का?

वाईचा_कुंचला
रविवारपर्यंत ठरवायचंय म्हणून थेट विचारतो. माझ्या वेबसाइटचा वर्षाचा प्लॅन संपतोय, ८,४०० रुपये भरायचेत. वर्षभरात तिच्यावरून एक चित्र गेलेलं नाही. इन्स्टावर चार हजार लोक आहेत, चित्र टाकलं की "अप्रतिम", "काय हात आहे" येतं आणि पुढे चिडीचूप. पैसे भरू की साइट बंद करून इन्स्टावरच राहू? "धीर धरा" सांगू नका, दोन वर्षं धरलाय.

कुंभारवाडा
कसली चित्रं? तैलरंग, ॲक्रिलिक, वारली, गणपती? आकार काय, किंमत काय? एवढं सांगितलंत तर बोलता येईल.

दुपारचं_ऊन
साइट बंद करा आणि परदेशी मार्केटप्लेसवर दुकान उघडा. मी तीन वर्षं मंडला विकतेय. एक अमेरिकन गिऱ्हाईक आपल्या दहा गिऱ्हाइकांच्या बरोबरीचं. इथे लोक "अहो, एवढ्यात तर छापील मिळतं" म्हणतात.

वाईचा_कुंचला
जलरंग. वाडे, घाट, कृष्णाकाठ. किमती योग्यच आहेत. प्रश्न वेबसाइटचा आहे.

कुंभारवाडा
"योग्य" हा आकडा नाही हो.

वाईचा_कुंचला
बरं. पाव शीट (११ बाय १५ इंच) ५,५००, अर्धी शीट (१५ बाय २२) ८,०००. कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), शंभर टक्के कॉटन. रंग आर्टिस्ट ग्रेड. कागदाची किंमत बघून या, मग बोला.

हिशेबी_मनुष्य
पाव शीट १६५ चौरस इंच, म्हणजे इंचाला ३३ रुपये. अर्धी ३३० चौरस इंच, इंचाला २४. एकच भाव धरा, तीस म्हणा. पाव ४,९५०, अर्धी ९,९००. गिऱ्हाइकाने विचारलं तर उत्तर तयार असतं.

शेवंती_७१
चित्र म्हणजे काय फरशी आहे का, चौरस इंचाने मोजायला? एखादं छोटं चित्र असं उतरतं की त्यासाठी दहा मोठी द्यावीत. माझ्या मामांनी एक पाव शीट आयुष्यभर विकलं नाही.

हिशेबी_मनुष्य
विकलं नाही ना? मग भाव ठरवायचा प्रश्नच नव्हता.

माळावरची_बाभळ
भांडणं थांबवा, मी साइटवर जाऊन चित्र घ्यायचा प्रयत्न केला. म्हणजे खरंच घेणार होते, मेणवलीचा घाट, पाव शीट. पहिल्या पानावर किंमत नाही. चित्रावर गेलं तरी नाही, "चौकशी करा" असं बटण. तिथे नाव, ईमेल, मोबाइल. मग कार्ट दिसली, त्यात ५,५००. पुढे खातं उघडायला लावलं, ओटीपी दोनदा आला नाही. तिसऱ्यांदा आला, नाशिकचा पिनकोड टाकला, तर कुरिअर १,४५०. मी खिडकी बंद केली. तुम्ही स्वतःच्या साइटवरून कधी काही विकत घेऊन बघितलंय का?

वाईचा_कुंचला
नाही. मला कशाला माझंच चित्र हवंय. १,४५० हा आकडा कुठून आला माहीत नाही, बघतो.

कुंभारवाडा
किंमत लपवता? हे तर सगळ्यात आधी सांगायचं होतं.

वाईचा_कुंचला
लपवत नाही. किंमत लिहिली की लोक चित्राऐवजी आकडाच बघतात. इन्स्टावरही म्हणूनच "इनबॉक्स करा" लिहितो.

माळावरची_बाभळ
इनबॉक्समध्ये किंमत विचारायला लोक लाजतात. विचारली आणि परवडली नाही, तर "नको" म्हणायची चोरी. म्हणून विचारतच नाहीत. पाटीवर भाव लिहिलेल्या भाजीवाल्याकडे गर्दी असते ती याचसाठी.

दुपारचं_ऊन
माझ्या दुकानात भाव डॉलरमध्ये लिहिलेला असतो, कोणी लाजत नाही.

टपालखात्याचा_चाहता
१,४५०चं उत्तर मी देतो. कुरिअरवाले खरं वजन आणि व्हॉल्यूमेट्रिक वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,०००ने भागायचं. तुम्ही फ्रेम करून पाठवता का?

वाईचा_कुंचला
अर्थात. काचेची फ्रेम, माउंटसकट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट). लोकांना भिंतीवर लावायलाच हवं असतं ना. खोका साधारण ६० बाय ५० बाय १२.

टपालखात्याचा_चाहता
३६,००० भागिले ५,०००, म्हणजे जवळपास सव्वासात किलो! चित्र तीस-बत्तीस ग्रॅमचं, पैसे सव्वासात किलोचे. आता हेच चित्र बटर पेपरमध्ये गुंडाळून, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. पुठ्ठे चित्रापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर मोठे हवेत. पाकीट ४५ बाय ३५ बाय ३. वजन निघतं एक किलोच्या आत. एका पुठ्ठ्याच्या पन्हळी आडव्या आणि दुसऱ्याच्या उभ्या ठेवा, म्हणजे वाकत नाहीत. चिकटपट्टी कागदाला लावू नका, चित्राच्या कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोणी खिसे करून त्यात अडकवा. अर्धी शीट हवी तर गुंडाळून पीव्हीसी पाइपमध्ये घाला, पण पाइप चार इंच व्यासाचा घ्या. दोन इंचीत कागद एकदा वळला की सरळ होता होत नाही.

वाईचा_कुंचला
गेल्या वर्षी पुण्याला पाठवलेलं एक चित्र काच फुटून परत आलं. काचेचा तुकडा आभाळातून आरपार. त्यानंतर मी जास्तच बबल रॅप लावायला लागलो.

शेवंती_७१
अहो, मग विकलं जातं की तुमचं! "एक चित्र गेलेलं नाही" म्हणालात.

वाईचा_कुंचला
साइटवरून नाही. ते इन्स्टावरून गेलं होतं. तीन गेली एकूण, दोन नात्यातल्यांनी घेतली.

कुंभारवाडा
हळूहळू सगळं बाहेर येतंय.

कोकणातला_फ्रेमवाला
फ्रेमचा विषय निघाला म्हणून. फ्रेम करणारच असाल तर काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट ठेवाच. काच चित्राला टेकली की पावसाळ्यात आत घाम धरतो आणि पांढरे ठिपके येतात. आमच्याकडे सप्टेंबरात निम्मी दुरुस्ती याचीच. लांबच्या गिऱ्हाइकाला फ्रेम त्याच्या गावात करून घ्यायला सांगा, माउंटचं माप कागदावर लिहून द्या. आमचा धंदाही चालेल.

जेजेचा_माजी
एक निरीक्षण. मेणवलीचा घाट निम्म्या महाराष्ट्राने रंगवलाय. पायऱ्या, वड, पाण्यातलं प्रतिबिंब. तुमचं चांगलं आहे, पण इन्स्टावर ओळीने अशी नऊ चित्रं बघितली की तुमचं कोणतं हे कळत नाही. शिवाय फोटो पिवळे आहेत. ट्यूबलाइटखाली काढता का? सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी काढा आणि कडेला कोऱ्या कागदाची पट्टी धरा. ती पांढरी दिसली पाहिजे. जलरंगात कागदाचा पांढराच तर उजेड असतो, तोच तुम्ही पिवळा करून टाकलाय.

घंटानाद
मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यामागे घाटावर जी घंटा आहे, ती वसईच्या मोहिमेतली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हाची पोर्तुगीज घंटा. ती चित्रात घ्या, विकलं जाईल. इतिहासप्रेमी लोक पैसे देतात.

कुंभारवाडा
अवांतर: अशी घंटा भीमाशंकरलाही आहे. नुसत्या घंटांची मालिका का काढत नाही?

घंटानाद
अवांतर काय त्यात, मार्केटिंगच सांगतोय.

सीए_निवृत्त
कोणी करावर बोललं नाही म्हणून. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकला तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल गेला की मर्यादा न बघता नोंदणी, हा सर्वसाधारण नियम. हस्तकलेच्या वस्तूंना त्यात अटींसह सूट आहे, तुमची चित्रं बसतात का ते आपल्या सीएकडून लेखी घ्या. चित्रांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५पासून १२वरून ५ टक्के झालाय.

दुपारचं_ऊन
तीन चित्रं विकलेल्या माणसाला ४० लाखांची मर्यादा सांगताय.

सीए_निवृत्त
चौथं बेंगळुरूला गेलं तर?

आजोबांची_नात
मला आमच्या आजोबांचं चित्र फोटोवरून करून हवंय, अर्धी शीट. कराल का? आणि नंतर त्याचे प्रिंट काढून भावंडांना वाटले तर चालेल ना?

वाईचा_कुंचला
करतो. प्रिंटचं मात्र मला विचारून. चित्र माझं, हक्क माझा.

सीए_निवृत्त
सावकाश. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. पैसे घेऊन, कोणाच्या सांगण्यावरून चित्र किंवा पोर्ट्रेट केलं आणि वेगळा करार नसला, तर पहिला हक्क ऑर्डर देणाऱ्याचा. म्हणजे ताईंचा. तुम्ही स्वतःहून काढलेला घाट तुमचा, तो विकलात तरी कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. ऑर्डरचं चित्र घेताना दोन ओळींचं पत्र करा, नाहीतर उद्या त्या चित्राचं कॅलेंडर निघालं तरी बोलता येणार नाही.

वाईचा_कुंचला
हे खरंच माहीत नव्हतं.

जेजेचा_माजी
प्रिंटवरून आठवलं. रविवर्म्याने १८९४ साली घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोहोचल्या त्या छापील रूपातच. तुम्हीही ए-फोर प्रिंट ठेवा, चारपाचशे रुपयांचे. ज्याला मूळ चित्र परवडत नाही तो रिकाम्या हाताने का जावा?

शेवंती_७१
आणि छापखाना तोट्यात जाऊन विकावा लागला तेही सांगा की.

पालक_नाशिक
नमस्कार, धागा चित्रकलेचा दिसला म्हणून विचारते. मुलगी नववीत आहे. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिली तर दहावीला वाढीव गुण मिळतात ना? क्लास लावावा का?

माळावरची_बाभळ
मूळ प्रश्न राहिला. माझं मत: वेबसाइट ठेवा, पण वर्षाचे पैसे भरू नका, महिन्याचा प्लॅन असला तर तो घ्या. साइटवर सहा चित्रं ठेवा, साठ नकोत. प्रत्येकाखाली आकार, किंमत, "फ्रेमशिवाय, कुरिअरसह". इन्स्टावर तीच किंमत लिहा. मोबाइलवरून शंभर रुपयांची खोटी ऑर्डर स्वतः टाकून बघा. माझा घाट अजून शिल्लक असेल तर फ्रेमशिवाय घेईन.

वाईचा_कुंचला
बघितली. ओटीपी मलाही आला नाही. कुरिअरच्या सेटिंगमध्ये सगळ्या चित्रांना सात किलो टाकलेलं होतं, दोन वर्षांपूर्वी मीच. महिन्याचा प्लॅन घेतलाय. खातं उघडायची पायरी काढली. बाभळताई, तुमचा घाट पुठ्ठ्यांमध्ये बांधून ठेवलाय, नाशिकचं भाडं बघून उद्या सांगतो. सपाट पाकीट पोस्टाने पाठवू की कुरिअरने?

टपालखात्याचा_चाहता
स्पीड पोस्ट. विमा काढा. पाकिटावर "वाकवू नका" मराठी आणि हिंदी दोन्हीत, तांबड्या शाईने.

दुपारचं_ऊन
तांबडी शाई पावसात पसरते. मार्करने लिहा.

घंटानाद
घंटेचं कधी काढताय?

पालक_नाशिक
कोणी सांगता का, क्लास लावू का?