मदत हवी आहे: धाकट्याला सिलिॲक निघालाय, घरातून गहू पूर्ण काढावा का?

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. घरात सहा जण: सासू-सासरे, आम्ही दोघं, थोरली ११ वर्षांची आणि धाकटा ६ वर्षांचा. सहा महिन्यांपूर्वी धाकट्याला सिलिॲक असल्याचं निदान झालं. ही साधी ॲलर्जी नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की त्याची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्यावर उलटते. आतले रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे, झिजतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर औषध नाही. ग्लुटेन जन्मभर टाळायचं, एवढाच उपाय.

निदानापर्यंत पोचायला दीड वर्ष गेलं. पोट फुगलेलं, हातापायाच्या काड्या, दिवसातून चार-पाच वेळा पातळ शी, आणि सतत किरकिर. वर्गात सगळ्यात बुटका. हिमोग्लोबिन ७.८ वर आलं होतं. लोहाची तीन टॉनिकं झाली, जंतांचं औषध झालं, घरी मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. एका दवाखान्यात तर मलाच सुनावलं, की तुम्ही लाड करता म्हणून तो जेवत नाही. शेवटी लहान मुलांच्या पोटविकारांच्या डॉक्टरांनी रक्तातली टीटीजी-आयजीए तपासणी केली, या आजारात वाढणारी प्रतिपिंडं त्यात मोजतात. ती खूपच वाढलेली आली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन नक्की केलं. शेजारच्या काकूंनी त्याआधीच गहू बंद करायला सांगितलं होतं, पण डॉक्टरांनी थांबवलं. तपासणीआधी गहू सोडला तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो म्हणाले. हे इथे मुद्दाम लिहितेय, कुणाच्या तरी कामी येईल.

गहू बंद केल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यानं स्वतःहून दुसरी भाकरी मागितली. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, त्याला माझे डोळे दिसू नयेत म्हणून.

आता अडचण सांगते. चौथ्या महिन्यात पोट परत बिघडलं. बाहेरचं काही नाही, बिस्कीट नाही, शाळेत डबा घरचाच. मी आणि सासूबाई रोज रात्री वहीत लिहायचो, सकाळपासून काय काय खाल्लं. शी पातळ झाली की आम्ही त्याला मऊ भात, तूप आणि मेतकूट द्यायचो. लहानपणापासून त्याचं पोट याच्यावरच धरतं, असा आमचा समज. एका रात्री मी सहज विचारलं, आई, मेतकुटात काय काय घालता? त्या बोटांवर मोजायला लागल्या. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू... आणि बोट तिथंच थांबलं. पुढचं जिरं, मेथ्या, हळद, सुंठ काही तोंडातून निघालंच नाही. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बरणी घासून उन्हात पालथी घातलेली दिसली. तीन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. मी एका शब्दानं बोलले नव्हते, तरी.

मग आम्ही दोघींनी फडताळातला एकेक डबा खाली काढला. थालिपिठाच्या भाजणीत गहू. सातूच्या पिठात गहू. बांधाणी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ. म्हणजे वरणात, आमटीत, उडदाच्या पापडात, लोणच्यात सगळीकडे तोच हिंग. दुधात घालायच्या पावडरीत माल्ट, म्हणजे जव. सोया सॉसमध्ये गहू. मासे तळताना लावतो तो रवा. इतके महिने आम्ही समजत होतो की गहू बंद आहे, आणि तो रोजच्या आमटीतून त्याच्या पोटात जात होता.

सध्या असं चाललंय: त्याचा तवा, परात, चाळणी आणि पोळपाट-लाटणं वेगळं. डब्यांना लाल दोरा. हिंग पूर्ण बंद, फोडणीला लसूण-जिरं. सासूबाईंचं माहेर मंगळवेढ्याचं, मालदांडी ज्वारीच्या मुलखातलं. त्या सांगतात, त्यांच्या लहानपणी पोळी सणावारालाच. त्यांचा हात भाकरीवर असा काही फिरतो की बघत राहावं. माझं माहेर इंदूरचं, आम्ही दोन्ही वेळा पोळी खाणारे, त्यामुळे मी आत्ता कुठे थापायला शिकतेय. आणखी एक गोष्ट त्यांनीच लक्षात आणून दिली. उपासाचा डबा उघडून म्हणाल्या, अगं, यातलं तर सगळंच चालतं की त्याला. राजगिरा, वरई, शिंगाडा, साबुदाणा. तेव्हा मेतकुटाच्या प्रकारानंतर पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला.

माझा खरा प्रश्न. पोळ्या लाटताना कणीक उडतेच. ओट्यावर, मिठाच्या डब्यात, माझ्या पदराला. त्यामुळे मला वाटतं, घरातून गहू पूर्ण काढून टाकावा आणि सगळ्यांनी एकच जेवण जेवावं. त्याला जन्मभर स्वतःच्या घरात वेगळं ताट नको. पण सासऱ्यांना भाकरी चावत नाही. ते काही बोलत नाहीत, पण गेला महिनाभर दोनच्या जागी एकच पोळी घेतात आणि उठतात. थोरली परवा रडली. माझ्या वाढदिवसाला पण केक त्याच्याच पिठाचा का, म्हणाली. तिचंही चूक नाही.

ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी कसं केलं? गहू काढलात की वेगळा ठेवलात? आणि शाळेच्या डब्यातली भाकरी मधल्या सुट्टीपर्यंत चामड्यासारखी होते, तो तशीच परत आणतो. त्यावर काही उपाय?

ठाण्याची मावशी:
माझी मुलगी आता १४ वर्षांची आहे, सिलिॲक पाचव्या वर्षी निघाला. सगळ्यात आधी एक विचारते, कारण तुझ्या लिहिण्यात ते कुठे दिसलं नाही. थोरलीची रक्ततपासणी झाली का? तुम्हा दोघांची? हा आजार घराण्यात चालतो. सख्ख्या भावंडांत आणि आईवडलांत तो साधारण दहातल्या एकाला निघू शकतो, आणि लक्षणं काहीच नसतानाही असतो. आता तू सगळ्या घराचा गहू बंद केलास आणि चार महिन्यांनी तिची तपासणी केलीस, तर अहवालावर विश्वास ठेवता येणार नाही. तुझ्या डॉक्टरांनी तुला जे सांगितलं तेच तिलाही लागू आहे. आधी सगळ्यांचं रक्त, मग स्वयंपाकघर.

आता घराचं. आम्ही गहू काढला नाही, कोरडं पीठ काढलं. आमच्या घरात कणीक मळत नाहीत. मोठ्यांच्या पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून तयार येतात, झाकणाच्या डब्यात राहतात, खाणारा आपलं ताट आपण घासतो. तयार पोळी हवेत उडत नाही. तुझ्या सासऱ्यांचा प्रश्न यानं सुटेल. भाजी, आमटी, भात, नाश्ता मात्र सगळ्यांना तेच, तिला चालेल असंच. म्हणजे ताट एकच, फक्त पोळी आमच्याकडे वेगळी. मुलीला कधी परकं वाटलं नाही.

पोळपाट-लाटणं लाकडाचं असेल तर तिचं नवंच घे, जुनं घासून देऊ नकोस. आणि शाळेत खेळायला रंगीत मळलेला गोळा देतात, तो बहुतेक गव्हाच्या पिठाचाच असतो. बाईंना सांगून ठेव.

गिरणीवाल्याचा मुलगा:
तुम्ही ज्वारी कुठे दळता ते लिहिलं नाहीत. आमची गिरणी होती म्हणून सांगतो. पाट्यावर आणि पिठाच्या पिशवीत मागच्या दळणाचं पीठ राहतंच. गव्हावर ज्वारी टाकली की सुरुवातीच्या पिठात गहू उतरतो. गिरणीवाला चांगला असेल तर आधी मूठभर तांदूळ फिरवून काढेल, पण तेवढ्यानं तुमचं भागणार नाही. नवी घरघंटी घ्या, जिच्यात गहू कधीच पडलेला नाही अशी. जुनी कुणाकडून घेऊ नका. आणि ज्वारी परातीत पसरून निवडा, पोत्यातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात.

पाहुणा:
एवढं काटेकोर कशाला? कणभरानं काही होत नाही. थोडं थोडं देत राहिलं की शरीराला सवय होते, आमच्याकडे दुधाचं तसंच झालं.

ठाण्याची मावशी:
हा सल्ला कृपा करून कुणी मनावर घेऊ नका. दुधाचं वेगळं आणि हे वेगळं. आपल्याकडे ग्लुटेनमुक्त असं छापायचं तर पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, यावरून कण म्हणजे काय ते समजा. मूल वरून ठणठणीत दिसतं आणि आतून आतडं झिजत राहतं. पुढे हाडं, रक्त, उंची सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुलं उलट सुधारली, आणि पाव परत आल्यावर परत बिघडली. विलेम डिके नावाच्या डॉक्टरांनी ते हेरलं, १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला. सवय लागायची असती तर त्या मुलांना लागली असती.

सोलापूरकर:
डब्यासाठी भाकरी नको, दशमी करा. ज्वारीचं पीठ पाण्याऐवजी गरम दुधात मळायचं, चिमूटभर मीठ, हवा तर गूळ. प्रवासाला आमच्याकडे तीच नेतात, दुसऱ्या दिवशीही मऊ असते. दूध त्याला सोसतं ना ते बघा, आतडं भरून येईपर्यंत काही मुलांना दूध पचत नाही. नसेल पचत तर उकड काढा. पाण्याला आधण आलं की पीठ घालून झाकण ठेवायचं, कोमट असतानाच मळायचं आणि फुलक्यासारखं लाटायचं. सासऱ्यांनाही हे चावेल. पीठ आठ-दहा दिवसांचंच ठेवा. जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, मग नवशिक्याच्या हातात भाकरी तुटते आणि दोष हाताला जातो.

नुसत्या तांदळावर मात्र ठेवू नका. नाचणी रोज कशात तरी द्या, तिच्यात १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. घावन, आंबोळी, उकडपेंडी, सगळं होतं.

धाकट्याची आई (मूळ प्रश्न माझाच):
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचा पहिला परिच्छेद वाचून मी ताडकन उठले. तपासणीचं डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलंही असेल. आजार जन्मभराचा आहे हे ऐकल्यावर पुढचं माझ्या कानात शिरलंच नव्हतं. परवा सकाळी थोरलीचं आणि आम्हा दोघांचं रक्त दिलं. तिला सांगितलं, अहवाल येईपर्यंत तुला पोळी खायचीच आहे, डॉक्टरांचं काम आहे. त्या दिवशी भावाच्या शेजारी बसून ती दोन पोळ्या जेवली, पहिल्यांदाच चोरट्यासारखी नाही. तो म्हणाला, ताईचं औषध पोळी आणि माझं औषध भाकरी.

माझा आणि यांचा अहवाल नॉर्मल आला. थोरलीची टीटीजी वाढलेली आहे. धाकट्याइतकी नाही, पण आहे. पुढच्या आठवड्यात तिची दुर्बीण तपासणी. तोवर पोळी चालू. तिला अजून सांगितलं नाही, उद्या शनिवार आहे, उद्या सांगणार. कसं सांगू ते कुणी सांगितलंत तर बरं होईल. तिला पोट दुखणं, जुलाब कधीच काही नव्हतं. उंची मात्र दोन वर्षं रेंगाळलीये, आणि आम्ही ते आजोबांच्या उंचीवर ढकलत होतो.

घरघंटी घेतली. सासूबाईंनी हळदकुंकू वाहून पहिलं दळण ज्वारीचं काढलं. नंतर त्यांनी मेतकूट भाजायला घेतलं, गव्हाच्या जागी थोडे जास्त तांदूळ, हिंग वगळून. धाकट्याला शेजारी बसवून प्रत्येक जिन्नस कढईत टाकण्याआधी त्याच्या हातावर ठेवत होत्या आणि नाव विचारत होत्या. त्यानं मेथ्या ओळखल्या, सुंठ नाही ओळखली.

सासऱ्यांसाठी पोळी-भाजी केंद्र लावलं आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की त्या पोळ्या कोरड्या असतात, आणि सोलापूरकरांच्या उकडीच्या भाकरीचा तुकडा मागून घेतला. अर्धी खाल्ली.

सोलापूरकर, दशमी दोनदा केली, दोन्हीदा कडा फाटल्या. दूध उकळतं घालायचं की नुसतं गरम? आणि एक वाटी पिठाला दूध किती?