भाजलं की थाप चांदीचं मलम? अहो, जरा थांबा

खारदांडेकर:
काल इथे एका ताईंनी ठणकावून लिहिलं: "भाजलं की लगेच चांदीचं पांढरं मलम थापायचं. चांदी नैसर्गिक, जंतू तिला सरावत नाहीत. म्हणून तर बाळाला चांदीच्या बोंडल्यानं पाजतात." खाली कौतुकाचा पाऊस. मला राहवलं नाही.

बोंडलं बाजूला ठेवा. जंतू मारतो तो चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आणि कोरडी धातू तो फारच थोडा सोडते. ट्यूबमध्ये असतं ते सिल्व्हर सल्फाडायझिन, एक टक्का, १९६८ साली चार्ल्स फॉक्स यांनी पुढे आणलेलं. म्हणजे चांदीच्या जोडीला सल्फा, जंतू मारणारं कारखान्यातलं औषध. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, बाईचे दिवस भरत आले असतील, तर ते लावत नाहीत. नैसर्गिक कुठलं त्यात?

आणि जंतू सरावत नाहीत म्हणे! बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भाजलेल्यांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेटला, म्हणजे चांदीच्याच दुसऱ्या औषधाला, न जुमानणारा साल्मोनेला जंतू सापडल्याची नोंद १९७५ची आहे.

शिवाय चांदी आपल्या नव्या कातडीच्या पेशींनाही सोडत नाही. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र तपासते, तिचा २०१३चा आढावा बघा: वरवर भाजलेल्या जखमा या मलमाखाली इतर बऱ्याच ड्रेसिंगांपेक्षा उशिरा भरल्या.

माहीमची_मावशी:
त्या ताई मीच. कुकरची वाफ कोपरापर्यंत आली होती, हेच मलम लावलं, आज डाग शोधून दाखवा. तुमचा आढावा माझ्या कोपराला विचारून लिहिला होता का?

खारदांडेकर:
डाग राहिला नाही कारण भाजणं वरवरचं होतं. नुसतं व्हॅसलीन लावलं असतं तरी हेच झालं असतं.

निवृत्त_सिस्टर:
खारदांडेकर, तुम्ही कधी बर्न्स वॉर्डात उभे राहिलात? स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बाया यायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पट्टी हिरवट झाली आणि तो गोडसर वास आला की आमच्या पोटात गोळा यायचा. स्युडोमोनास नावाचा जंतू. त्याच्याशी झुंजायला हेच मलम हाताशी होतं. किती जीव त्यानं तारले, ते आम्ही पाहिलंय. आणि तुमच्या त्याच आढाव्यात लिहिलंय की चाचण्या बऱ्याचशा छोट्या आणि कच्च्या आहेत. ते वाक्य बरं गाळलंत!

एवढं मात्र खरं, की दुसऱ्या दिवशी त्या मलमाचा पिवळट-करडा थर चिकटून बसतो. तो धुऊन काढताना पेशंट किंचाळतात, आणि थराखाली जखम किती खोल आहे ते सर्जनलाही धड कळत नाही. घरी तर कुणी धूतच नाही, थरावर थर चढवतात.

खारदांडेकर:
मोठ्या, घाण झालेल्या जखमेला चांदी नको असं मी म्हटलंच नाही. मी तव्याच्या चटक्याबद्दल बोलतोय.

सिस्टर_नव्हे_मुलगा:
चटका सोडा, खिशाला बसलेला चटका ऐका. वडिलांना मधुमेह, पायाला जखम. एका खाजगी हॉस्पिटलात चांदीची महागडी पट्टी, ती पण रोज नवी. पाकिटावरचा कागद मी वाचला: काही दिवस ठेवता येते, आणि भिजवायची ती निर्जंतुक पाण्यानं. हे सलाईननं भिजवत होते! सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, आणि मिठातल्या क्लोराईडनं चांदी तिथल्या तिथे बांधली जाते, जंतू मारायला मोकळी राहत नाही. विचारलं तर "तुम्ही डॉक्टर आहात का?"

दादरचा_केमिस्ट:
आता सगळे मिळून केमिस्टवर घसरणार, म्हणून आधीच सांगतो. गिऱ्हाईक ट्यूबचं नाव घेऊनच काउंटरवर येतं. "डॉक्टरला दाखवा" म्हटलं की शेजारच्या दुकानात जातं.

लालबागचा_बाळू:
चांदी कशाला, केळीचं पान बांधा. आमची आजी तेच करायची.

खारदांडेकर:
झालं! आता शेणही येईल.

निवृत्त_सिस्टर:
हसू नका. केळीच्या पानावर सायन हॉस्पिटलमध्ये रीतसर काम झालंय. डॉ. माधुरी गोरे यांचा २००३चा पेपर आहे. त्याआधी परळच्या वाडिया हॉस्पिटलमध्ये डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची ड्रेसिंगं केली. गोरे मॅडमनी दोन्ही ताडून पाहिली: गुण सारखाच, पान स्वस्त आणि करायला सोपं. जखमेला चिकटत नाही, काढताना पोर रडत नाही.

लालबागचा_बाळू:
बघा! आजी जिंकली.

निवृत्त_सिस्टर:
आजी नाही जिंकली. ते पान ऑटोक्लेव्ह केलेलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेलं असतं. फुलबाजारातून आणलेलं, धूळ आणि कीटकनाशक लागलेलं पान बांधलंत तर मीच येऊन कान धरीन.

खारदांडेकर:
मग सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांचंही सांगा. १९९१ साली त्यांनी मध विरुद्ध हेच चांदीचं मलम असं ताडून पाहिलं, आणि मध सरस ठरला.

माहीमची_मावशी:
म्हणजे आजीचं पान चालतं, मध चालतो, फक्त माझी ट्यूब वाईट! पुरुष शास्त्र सांगायला लागला की असंच असतं.

खारदांडेकर:
पुरुषाचा काय संबंध? पेपर गोरे मॅडमचाच आहे ना!

दादरचा_केमिस्ट:
माझा मेहुणा तर चांदीचं पाणी पितो. प्रतिकारशक्तीसाठी म्हणे.

निवृत्त_सिस्टर:
थांबवा त्याला. चांदी अंगात साठून कातडी कायमची निळसर-राखाडी होते, ती पुन्हा उतरत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी औषध खात्यानं, १९९९ सालीच चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या अशा चांदीच्या औषधांना सुरक्षित किंवा गुणकारी मानायला नकार दिलाय.

माहीमची_मावशी:
बरं, महापंडितांनो. छोट्या चटक्याला ट्यूब नाही लावणार. मग लावू काय, तुमचे आढावे?

निवृत्त_सिस्टर:
काही लावू नका. आधी वीस मिनिटं नळाखाली धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. मग स्वच्छ, न चिकटणारी पट्टी. फोड फोडू नका. चेहरा, हाताचा पंजा, लहान मूल, किंवा भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल तर सरळ डॉक्टरकडे.

लालबागचा_बाळू:
वीस मिनिटं नळ? सिस्टर, आमच्याकडे पाणी पहाटे येतं, तेही तासभर.

निवृत्त_सिस्टर:
मग पिंपातलं काढा आणि तांब्या-तांब्यानं ओतत बसा. पण वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं.