बीएस६ ट्रक: चढाला एकदम तीन सेन्सरचे कोड, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) खरंच गेला का?

कराडचा गाडीवाला: नमस्कार मंडळी. माझी २०२१ची बीएस६ दहाचाकी आहे. पंधरा दिवस झाले, पुण्याहून माल भरून येताना खंबाटकी चढायला लागलो की चेक इंजिन लाइट लागतो, ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर येतो आणि गाडी ओढतच नाही. पहिल्यांदा तर घाबरून बाजूला घेऊन बंद केली, पण मेकॅनिकल गेज लावून बघितलं तर प्रेशर बरोबर आहे. स्कॅनरवर एसपीएन (दोष कशात आहे तो नंबर) १५७, १०२ आणि १०० आलेत, तिन्हीला एफएमआय (दोषाचा प्रकार) ४. पाण्याचं टेम्परेचर मात्र बरोबर दाखवतंय. वर्कशॉपवाले म्हणतात ईसीएम गेला, बदला, दीड लाखाच्या वर जाईल. हप्ते चालू आहेत हो, काय करू?

वायरमन, सोलापूर: दादा, आत्ता ईसीएमला हात लावू देऊ नका. १५७ म्हणजे रेल प्रेशर (इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या पाइपातलं), १०२ बूस्ट (टर्बोच्या हवेचं प्रेशर), १०० ऑइल प्रेशर. हे सेन्सर साधारण तीन वायरचे असतात, ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. ईसीएमकडून येणारा ५ व्होल्ट बऱ्याच इंजिनांत दोनतीन सेन्सरना मिळून असतो, एक वायर कुठं बॉडीला टेकली की सगळ्यांचाच सप्लाय बसतो, सिग्नल खाली येतो आणि एफएमआय ४ चा अर्थच तो, व्होल्टेज कमी. वेगवेगळे तीन सेन्सर शक्यतो एकाच वेळी मरत नाहीत. टेम्परेचरचा सेन्सर दोन वायरचा, तो या लाइनवर नसतो म्हणून बरोबर दाखवतोय, म्हणजे ईसीएमचं डोकं चालू आहे.

आता असं करा. चावी ऑन, इंजिन बंद, रेल सेन्सरचा प्लग काढून हार्नेसच्या (वायरिंगच्या जुडग्याच्या) बाजूला मीटर लावा. ५ च्या आसपास पाहिजे. कमी असेल तर मीटर तसाच ठेवून बाकीचे सेन्सर एकेक करून काढा, ज्याचा प्लग काढल्यावर ५ परत येईल तिथं दोष. सगळे काढूनही येत नसेल तर बॅटरी सोडा, ईसीएमचा कनेक्टर काढा आणि त्या ५ व्होल्टच्या वायरचा अर्थशी रेझिस्टन्स बघा, काही दाखवलं तर हार्नेस शॉर्ट आहे. काहीच नाही दाखवलं, आणि हार्नेस हलवूनही नाही, तरच ईसीएमवर संशय घ्या. बल्बचा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका, तो जास्त करंट ओढतो.

नगरचा मिस्त्री: सहमत. आणि चढालाच का होतं तर लोडला इंजिन माउंटवर (रबरी बैठकीवर) पिळतं, हार्नेस ताणला जाऊन घासतो. माझ्याकडे आलेल्या अशा बऱ्याच गाड्यांत क्लिप तुटलेली निघाली. अजून एक, मागे बॉडीला वेल्डिंग केलं होतं का? करताना बॅटरी आणि ईसीएमचे कनेक्टर काढलेच पाहिजेत, नाहीतर तेव्हा ईसीएम खरोखर जातो. भंगारातला जुना ईसीएम तर बसवूच नका, त्यात तुमच्या गाडीचा डेटा आणि इंजेक्टरचे कोड भरावे लागतात, नुसता लावून चालत नाही.

कराडचा गाडीवाला: वेल्डिंग नाही केलेलं. पण काल बसलो आम्ही दोघं, मी आणि आमचा वायरमन. तिन्ही प्लग काढले तरी मीटर १.२ दाखवत होता, मग हार्नेस हळूहळू हलवत गेलो तर एअर कंप्रेसरच्या मागं पट्टीजवळ आकडा नाचायला लागला. नगरच्या दादांनी सांगितलं तसंच, क्लिप तुटलेली, हार्नेस पट्टीच्या धारेवर घासून वायरचं तांबं उघडं पडलेलं. सोल्डर करून हीट स्लीव्ह चढवली, नवी क्लिप लावली, पट्टीच्या धारेवर रबरी पाइप चिरून बसवला. कोड पुसले. आज भरलेली गाडी खंबाटकीतून आणली, एकदाही लाइट लागला नाही, काटा जागेवर. लई उपकार झाले तुमचे, आता बाकीच्या क्लिपा पण रविवारी बघून घेतो.