‘सुपरव्हिजन’ला मराठीत काय म्हणावं? पर्यवेक्षण, देखरेख की आणखी काही

मी विदर्भातल्या एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात काम करते. मानसशास्त्रात एम.ए. करणारी पोरंपोरी आमच्याकडे इंटर्न म्हणून येतात, ती विद्यार्थ्यांना भेटतात, आणि त्यांना शिकवणं, त्यांच्या केसेस ऐकणं, नोंदींवर सही करणं हे माझ्याकडे. याला सगळे सुपरव्हिजन म्हणतात. यंदा इंटर्नसाठी मराठीत माहितीपत्रक करायला घेतलं आणि या एका शब्दावर पंधरा दिवस अडून बसलेय.

पर्यवेक्षण लिहिलं तर इथल्या पोरांना बारावीच्या पेपरला बाकांमधून फिरणारे, कॉपी पकडणारे सर आठवतात. गावातल्या अंगणवाडीत पर्यवेक्षिका म्हणजे रजिस्टर तपासायला येणाऱ्या मॅडम. देखरेख म्हटलं की रस्त्याच्या कामावरचा मुकादम. फोड करून पाहिली तर परि म्हणजे सभोवार, अव म्हणजे खाली, ईक्षण म्हणजे पाहणं, आणि लॅटिनमध्येही सुपर म्हणजे वरून आणि व्हिडेरे म्हणजे पाहणं, म्हणजे दोन्हीकडे कोणीतरी वर उभं राहून खाली बघतंय. आमच्या खोलीत तसं काही होत नाही हो. दर मंगळवारी तासभर आम्ही दोघी शेजारी बसतो, इंटर्न तिनं आठवून लिहिलेलं संभाषण वाचते, ‘पोरगी काय बोलली, मी काय बोलले’, शब्दाला शब्द, आणि मी मध्येच थांबवून विचारते की इथे तू विषय का बदललास.

एक उदाहरण देते. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या एका इंटर्ननं लिहून आणलं होतं, ‘होस्टेलवर जमत नाही’, आणि तिनं त्या मुलीला अभ्यासाचं टाइमटेबल करून दिलं होतं. मी म्हटलं, मुलगी नेमकं काय म्हणाली ते तिच्याच तोंडचं सांग. तर ती म्हणाली होती, ‘मॅडम, मले होस्टेलवर गमतच नाही’. आपल्याकडे गमत नाही म्हणजे करमत नाही हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही, पण इंटर्ननं तो शब्द आयुष्यात ऐकलेला नव्हता. जुन्या कवितेत ‘गमे’ म्हणजे वाटे, तोच धातू, फक्त इथे तो रोजच्या बोलण्यात राहिला. पुढच्या भेटीत तिनं एवढंच विचारलं की या वेळेला घरी असतीस तर काय करत असतीस, आणि मुलगी पाऊण तास बोलली. आता या मंगळवारच्या तासाला मी देखरेख म्हणू का?

(समुपदेशन या शब्दाचं दुखणं वेगळंच आहे, त्यात लोकांना उपदेशच ऐकू येतो, आणि नवीन इंटर्नही पहिला महिना उपदेशच करतात. जून-जुलैत तर पोरं मार्कशीट घेऊन येतात, कारण काउन्सेलिंग म्हणजे त्यांच्यासाठी ॲडमिशनचा राउंड. त्यावर वेगळा धागा काढू.)

प्रतिसाद १
ताई, आमच्या यवतमाळकडे जागल म्हणतात. हरभऱ्याच्या दिवसात वावरात रानडुकरं येते, रात्री राखण लागते. पहिल्या वर्षी पोराले एकटं कोणी धाडत नाही, घरचा मोठा माणूस मचानीवर संग राहते. बॅटरी पोरगंच मारते, हाका पोरगंच मारते, मोठा माणूस गोधडी घेऊन पडला असते पण डोळा लागू देत नाही. तुमचं काम असंच दिसते मले.

प्रतिसाद २
जागल शब्द सुंदर आहे पण त्यात समोरून येणारं जनावर आहे, आणि इथे समोर येतो तो विद्यार्थी, म्हणून मला तो खटकतो. मी पाठराखण सुचवेन. पेपरवाल्यांनी ‘गुन्हेगारांची पाठराखण’ लिहून लिहून शब्द बाटवला हे खरं, पण मूळ पाहा, नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत जाते ती पाठराखीण. चूल नवरीच पेटवणार, पाहुण्यांना चहा नवरीच देणार, पाठराखीण मागे बसून असते आणि रात्री हळूच विचारते, ‘कसं गेलं वं आज?’

प्रतिसाद ३
कागदावर पर्यवेक्षणच ठेवा मॅडम. पाठराखीण सही करत नाही. इंटर्नचं काही चुकलं तर उत्तर देणारा माणूस कोण हे शब्दातून कळलं पाहिजे. बी.एड.ला आणि डॉक्टरांना आपण आंतरवासिता हा सरकारी शब्द पचवलाच की. त्यावरून आठवलं, गुरूच्या जवळ राहून शिकणाऱ्याला संस्कृतात अंतेवासी म्हणत, तुमच्या इंटर्नला तो किती बसतो.

मूळ धागाकर्ती
तिघांचेही मनापासून आभार. दादा, जागलीतलं ‘डोळा लागू देत नाही’ हे अगदी खरं आहे. एखादं पोरगं ‘कोणाला सांगू नका’ म्हणत जिवाचं बरंवाईट बोलून गेलं तर इंटर्ननं ते त्याच दिवशी मला सांगायचंच, मंगळवारची वाट बघायची नाही, आणि असं झालं तर सांगावं लागेल हे त्या पोराला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं असतं. त्या रात्री इंटर्नलाही झोप नसते. तिची ती अवस्था विचारणं माझं काम आहे, पण तिचा इलाज करणं माझं काम नाही, तिला गरज वाटली तर दुसऱ्या कोणाकडे पाठवायचं. ही रेघ एकाही शब्दात येत नाहीये.

सर, सहीचं तुमचं म्हणणं पटलं. मला पोरींना मार्कही द्यावे लागतात, कधी ‘अजून तयारी नाही, सध्या केस देणार नाही’ असंही सांगावं लागतं, आणि पाठराखीण नवरीला माहेरी परत नेत नाही. समुपदेशकांच्या प्रशिक्षणावर लिहिणाऱ्या जनीन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये सुपरव्हायझरच्या तीन भूमिका मांडल्या, शिक्षक, समुपदेशक आणि सल्लागार, आणि त्या एकाच तासात बदलत राहतात, मग मराठी शब्द एकच कशाला शोधतेय मी, असंही वाटायला लागलंय.

तर आत्तापुरतं असं केलंय. प्रमाणपत्रावर पर्यवेक्षण. माहितीपत्रकात शीर्षक ‘सुपरव्हिजन’च ठेवलं आणि खाली पाठराखिणीच्या दोन ओळी घातल्या. काल त्या गमत-जमतवाल्या इंटर्नला वाचायला दिलं, तर तिनं विचारलं, ‘मॅडम, पाठराखीण किती दिवस राहते?’ आमच्याकडे पाच दिवस राहायची. तुमच्याकडे किती, सांगा.