ब्राउझर आणि ड्रायव्हरची झटापट: तुमचेही अनुभव येऊ द्या

आळशी टेस्टर: जुना लॅपटॉप परत करायचाय म्हणून काल डी ड्राइव्ह आवरत होतो. एका फोल्डरात क्रोमड्रायव्हरच्या (टेस्टच्या सांगण्यावरून क्रोम चालवणारा मधला प्रोग्राम) ढीगभर फायली सापडल्या. नावं काय, तर 'नवा', 'नवा-चालतो', 'हात-लावू-नये'! रात्रीत क्रोम गुपचूप अपडेट व्हायचा आणि सकाळी सगळ्या टेस्ट लालेलाल, 'सेशन नॉट क्रिएटेड'. मग क्रोमशी ड्रायव्हरची आवृत्ती जुळवा, झिप उतरवा, पाथमध्ये टाका. सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करायचं साधन) ४.६ आलं (नोव्हेंबर २०२२) तेव्हापासून त्यातला सेलेनियम मॅनेजर ड्रायव्हर आपणच शोधून आणतो. टीममधल्या नव्या मुलीला कौतुकाने फायली दाखवल्या, तर म्हणते, "सर, डिलीट करू?"
लिहा तुमचंही.

झोपाळू: आयईला (इंटरनेट एक्सप्लोररला) विसरलात होय! झूम बरोब्बर १०० टक्के लागायचा, 'प्रोटेक्टेड मोड' ही सुरक्षेची सेटिंग इंटरनेट, इंट्रानेट वगैरे चारही झोनमध्ये सारखी लागायची. एक झोन वेगळा निघाला की बसा बोंबलत. त्यात ६४ बिटचा ड्रायव्हर असला की शिकाऊ टायपिस्टसारखा एकेक अक्षर टाइप करायचा. ३२ बिटचा टाकला की सुसाट.

गोडांबा: कुकर लावून वाचतेय. आमच्या ऑफिसात प्रॉक्सी, म्हणजे बाहेरचं इंटरनेट मधल्या एका सर्व्हरमधूनच. प्लेराइटचं (सेलेनियमसारखंच दुसरं साधन) पॅकेज सुरळीत उतरलं, त्याचे ब्राउझर मात्र उतरेचनात. पॅकेज आतल्या सर्व्हरवरून येतं, ब्राउझर बाहेरून येतात, हे कोणी सांगेल तर ना. शिट्टी झाली, आलेच.

वाचनमात्र: घरी 'टेस्टिंग' म्हणजे काय ते कसं सांगता? आमची आई सगळ्यांना 'कम्प्युटर तपासतो' म्हणून सांगते.

झोपाळू: @वाचनमात्र, सासुरवाडीला प्रिंटर बिघडला की मलाच फोन 😂

रानमेवा: मराठी साइट, टेस्ट डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन). स्क्रीनशॉट उघडला तर मथळ्यापासून तळटिपेपर्यंत नुसते रिकामे चौकोन! टेस्टरने डेव्हलपरवर बग टाकला, डेव्हलपरने टेस्टरवर ढकलला. कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. नोटो फॉन्ट टाकले, भांडण मिटलं. त्याच कंटेनरात क्रोम मध्येच मरायचा ते वेगळंच. डॉकर शेअर्ड मेमरी (प्रोग्रामचे भाग आपसात वाटून वापरतात ती) आपणहून ६४ एमबीच देतो, ती वाढवावी लागते.

आळशी टेस्टर: @रानमेवा, चौकोन 😂😂 आमच्याकडे जोडाक्षरं तुटायची.

तिरकस: सेलेनियम मॅनेजर आला म्हणून फार नाचू नका. जुलै २०२३ मध्ये क्रोम ११५ आला, ड्रायव्हरचा जुना पत्ता बदलला आणि आपोआप ड्रायव्हर आणणारी आमची जुनी लायब्ररी ११४ वरच अडकली. रिलीज त्याच दिवशी, अर्थातच. तेव्हापासून 'क्रोम फॉर टेस्टिंग' हा खास टेस्टसाठीचा क्रोम वापरतो. तो आपला आपण अपडेट होत नाही, जी आवृत्ती ठेवली तीच राहते. रोजच्या वापरातल्या क्रोमवर टेस्ट चालवणाऱ्यांना दंडवत.

वाचनमात्र: फ्रेशरला सेलेनियम शिकावं की प्लेराइट? पुण्यात कशाला मागणी आहे?

तिरकस: @वाचनमात्र, वेगळा धागा काढा हो.

झोपाळू: गोडांबाताई, प्रॉक्सीचं पुढे काय झालं?

गोडांबा: आले आले. एचटीटीपीएस प्रॉक्सीचं व्हेरिएबल सेट केलं, कंपनीचं सर्टिफिकेट नोडला (आमचं प्लेराइट ज्यावर चालतं तो प्रोग्राम) दिलं, मग उतरले. लिनक्सवर असाल तर इन्स्टॉल करताना 'विथ डेप्स' हा पर्याय जोडा, नाहीतर ब्राउझर येतो पण लायब्रऱ्यांवाचून उघडत नाही. वरण उतू गेलं ते निराळं.