केथनेसला स्वतःची कौन्सिल हवी की नको?

उत्तरवारा:
स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, केथनेसमधल्या थर्सो गावात सहा वर्षं राहतेय. आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्याचं काय करायचं ते इन्व्हरनेसला, कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक कारभार पाहणाऱ्या निवडलेल्या संस्थेच्या) मुख्यालयात ठरतं. इन्व्हरनेस इथून पावणेदोनशे किलोमीटर, आगगाडीने जवळपास चार तास. १९७५ पर्यंत केथनेसची स्वतःची काउंटी कौन्सिल होती. मग त्याहून मोठं हायलंड रीजन आलं, पण त्याखाली निदान केथनेस डिस्ट्रिक्ट तरी होतं. १९९६ मध्ये तेही गेलं. आता एकच हायलंड कौन्सिल: साडेपंचवीस हजार चौरस किलोमीटर, अख्ख्या वेल्सपेक्षा मोठी, आणि माणसं २ लाख ३५ हजार. ७४ कौन्सिलरांत आमचे ८. समोर सामुद्रधुनीपलीकडे ऑर्कनी बेटं दिसतात. तिथे २२ हजार लोक आणि त्यांची स्वतःची कौन्सिल. आम्ही २५ हजार, तर आम्हाला का नाही?

चौकस:
ऑर्कनीशी तुलना नको. ती बेटं आहेत. एका बेटावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या फेरीबोटी, धक्के, सगळं त्यांनाच सांभाळावं लागतं. तुम्ही मुख्य भूमीवर आहात. ५० हजारांच्या वर वस्ती असलेल्या क्लॅकमननशायर कौन्सिललासुद्धा शिक्षण विभाग काही वर्षं शेजारच्या स्टर्लिंगबरोबर मिळून चालवावा लागला. २५ हजारांत शाळा, वृद्धांची देखभाल, बांधकाम परवाने, एवढ्या सगळ्याला अधिकारी कुठून आणणार? शिवाय कौन्सिलचा बराचसा पैसा एडिनबर्गच्या, म्हणजे स्कॉटिश सरकारच्या अनुदानातून येतो. वेगळं झाल्याने तो वाढत नाही. आणि कोणते रस्ते आधी करायचे हे केथनेसच्या कौन्सिलरांची केथनेस कमिटीच ठरवते.

उत्तरवारा:
क्रम कमिटी ठरवते, मान्य. रक्कम कोण ठरवतं? ६६ कौन्सिलर बाहेरचे. साडेसहा हजार किलोमीटरहून जास्त रस्ते एका कौन्सिलच्या गळ्यात आहेत, मग टोकाच्या वाट्याला उरेल ते येतं. ए९ हा मुख्य रस्ता स्कॉटिश सरकारचा, तो बरा आहे. कौन्सिलच्या ए८३६ रस्त्यावरून गाडी चालवून बघा.

लोखाबरकर:
मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. आमच्या लोखाबरमध्ये, म्हणजे याच कौन्सिलच्या नैर्ऋत्य भागात, कोरनची फेरीबोट कौन्सिलच चालवते. पाण्यातून पाच मिनिटं, पण २०२३ मध्ये दोन्ही बोटी बंद पडल्या तेव्हा लॉख ईल या खाडीला वळसा घालून साठ किलोमीटरहून जास्त अंतर. शाळा, कामं, दुकानं, सगळ्यांचे हाल झाले. तेव्हा मीही म्हणत होतो, लोखाबर वेगळं करा. पण नवी बोट आणि नवा धक्का एकट्या लोखाबरला झेपलाच नसता. मला वाटतं कौन्सिल एकच राहावी, पण केथनेस कमिटीसारख्या एरिया कमिट्यांच्या हातात रस्त्यांचा ठरलेला वाटा द्यावा, लोकसंख्येवर नाही, रस्त्याच्या लांबीवर.

चौकस:
लांबीवर दिलात तर इन्व्हरनेसची माणसं भांडतील. गाड्या तिथेच जास्त धावतात.

उत्तरवारा:
भांडू देत. लांबीचा हिशोब मला चालेल. पण तो वाटा पुढच्या वर्षी बहुमताने काढून घेता येणार असेल, तर माझी मागणी वेगळ्या कौन्सिलचीच राहील.