सहा जण, चार सिंगल माल्ट: कोणत्या घ्याव्यात आणि कुठल्या क्रमाने?

अर्धा_पेग:
आम्ही सहा मित्र वर्गणी काढून एका बैठकीत चार सिंगल माल्ट स्कॉच (एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची) चाखायचं म्हणतोय. आजवर सगळे ब्लेंडेडवाले, तेही सोडा आणि भरपूर बर्फ घालून. एकाला धुराचा वास सहन होत नाही, एकाला धुराशिवाय काही नको. हायलँड, स्पेसाइड, लोलँड, आयला अशी प्रत्येक प्रदेशाची एकेक बाटली घ्यावी आणि शक्यतो 18 वर्षांच्या पुढच्याच घ्याव्यात असं डोक्यात आहे. बरोबर आहे का? प्रत्येकाला किती ओतायची, पाणी घालायचं की नाही, आणि उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं तेही सांगा. "संपवून टाका" हे उत्तर आमच्याकडे आधीच आहे.

पिंपपारखी:
प्रदेश बघून निवडू नका. स्कॉच व्हिस्कीच्या 2009 च्या नियमांत हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्बलटाउन आणि आयला (उच्चार हाच, हसू नका) ही पाच नावं आहेत खरी, पण दारू कुठे गाळली एवढंच त्यावरून कळतं. चव कशी असावी याबद्दल नियमात अवाक्षर नाही. आयलाची बुनाहावेन 12 घ्या, धुराचा मागमूस सापडणार नाही. उलट हायलँडची आर्डमोर धुरकट.

विचारायचं ते एवढंच: बार्लीचं माल्ट (मोड आणलेली बार्ली) पीटच्या (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या जळणाच्या) धुरावर वाळवलंय का, आणि दारू कुठल्या पिंपात मुरलीय? बर्बनच्या (अमेरिकी व्हिस्की) पिंपातून व्हॅनिला, मध, नारळ येतं. शेरीच्या (स्पॅनिश वाइन) पिंपातून मनुका, लवंग, संत्र्याची साल, अक्रोड. बर्बनला अमेरिकी कायद्याप्रमाणे नवंकोरं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. एकदा वापरलेलं त्यांना पुन्हा चालत नाही, म्हणून ती पिंपं स्कॉटलंडला जातात आणि बहुतेक स्कॉच त्यांतच मुरते.

तुमच्यासाठी, याच क्रमाने:

पहिली डीन्स्टन 12 (46.3%). बर्बन पिंपातली, सरळ स्वभावाची. ब्लेंडेडमधून येणाऱ्याला माल्टची स्वतःची चव इथे कळते.

दुसरी क्लाइनलिश 14 (46%). वासापेक्षा जिभेवरच्या पोताकडे लक्ष द्या, मेण लावल्यासारखा गुळगुळीत थर जाणवतो. ऊर्ध्वपातनाची पहिली आणि शेवटची धार ज्या टाकीत साठवतात, तिच्यात जमणाऱ्या तेलकट साक्यातून तो येतो. टाकी घासून लख्ख केली की मेणचटपणाही जातो, म्हणून तो साका तिथे जपतात.

तिसरी ग्लेनफार्कलस 15 (46%), शेरीसाठी. चौथी कल ईला 12 (43%), धुरासाठी. तिची टक्केवारी सगळ्यांत कमी असूनही ती शेवटी, कारण पीटची फिनॉल्स (धुराचा वास देणारी रसायनं) तोंडात ठाण मांडतात आणि त्यानंतर हलकी माल्ट पाण्यासारखी लागते. टक्केवारी देशागणिक थोडी बदलू शकते, लेबल बघून घ्या.

18 वर्षांचा हट्ट सोडा. लेबलवरचं वय बाटलीतल्या सर्वांत तरुण दारूचं असतं, आणि ते फक्त काळ मोजतं. तिसऱ्या-चौथ्यांदा भरलेल्या थकलेल्या पिंपातली 18 वर्षांची फिकी निघू शकते. उलट ताज्या पिंपात फार काळ ठेवली तर लाकडाचा तुरटपणा बाकी सगळं झाकून टाकतो. त्यापेक्षा 46% किंवा वरची, चिल-फिल्टर न केलेली (थंड करून न गाळलेली) बघा. रंगावरही जाऊ नका. नियमाने साधं कॅरॅमल (ई150ए) घालता येतं आणि पुष्कळ जण घालतात. जर्मनीत विकायच्या बाटलीवर ते छापावं लागतं, त्यामुळे तिथलं लेबल शोधलं तर खरं-खोटं कळतं.

थेंबथेंब:
यादीला हरकत नाही. ओतण्याचं आणि पाण्याचं सांगतो, कारण बैठका बिघडतात त्या तिथेच.

माणशी प्रत्येकी 15 मिली. चार मिळून 60 मिली, म्हणजे जवळपास 27 मिली शुद्ध अल्कोहोल. याच्या वर गेलात की चौथ्या ग्लासाची चव लक्षात राहत नाही. चमच्याने किंवा मापाने ओता, अंदाजाने नाही. गाडी कोणी चालवायची ते आधी ठरवा, आणि तो फक्त वास घेईल.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा, वर निमुळता: ग्लेनकेर्न किंवा कोपिटा. नसेल तर वाइनचा छोटा ग्लास. रुंद तोंडाच्या टंबलरमधून वास उडून जातो. दारू ओतायच्या आधी *रिकाम्या* ग्लासाचा वास घ्या. कपाटात पालथा ठेवलेला ग्लास आत लाकूड-पुठ्ठ्याचा वास धरून बसतो, आणि मग सगळे मिळून त्याच वासाला "ओक" म्हणत बसतात. सुगंधी साबणाचंही तेच. गरम पाण्याने विसळून सुलटा वाळवा.

ओतल्यावर दहा मिनिटं थांबा. नाक आत खुपसू नका, अल्कोहोलने ते बधिर होतं. ग्लास हनुवटीजवळ धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि हळूहळू वर आणायचा. पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून. मत दुसऱ्या घोटावर बनवायचं.

पाणी: आधी बिनपाण्याची चाखा, मग ड्रॉपरने दोन-तीन थेंब, ढवळा, पुन्हा वास. 43–46% ला एवढं पुरतं. पुढे कधी कास्क स्ट्रेंथ (पाणी न मिसळता पिंपातल्याच जोराने भरलेली) घेतलीत तर हिशोब असा: 58% च्या 20 मिलीत एक छोटा चमचा (5 मिली) पाणी घातलं की साधारण 46% होते, दुसरा चमचा घातला की 39% च्या खाली येते. घातलेलं पाणी काढता येत नाही, म्हणून चमच्याआधी ड्रॉपर. चिल-फिल्टर न केलेली दारू पाण्याने किंवा गारव्याने किंचित गढुळते. त्यात बिघडलेलं काही नाही. फॅटी ॲसिडचे एस्टर कमी अल्कोहोलात विरघळून राहत नाहीत, इतकंच. 46% च्या खाली हे दिसू नये म्हणूनच कंपन्या थंड करून गाळतात.

बर्फ त्या रात्री नको. थंडीत वासाचे रेणू उडत नाहीत, आणि माल्टचे पैसे तुम्ही वासाचेच देताय. चकणा चौथ्या ग्लासानंतर, तोवर साधं पाणी आणि बिनमिठाची बिस्किटं.

अर्धा_पेग:
भारी. धूर नको म्हणणाऱ्याने चौथा ग्लास सोडायचा का? आणि धूरवाला म्हणतोय की जास्त पीपीएमची (धुराच्या फिनॉल्सचं प्रमाण, दशलक्षात किती भाग) आणा, कल ईला त्याला "बाळबोध" वाटेल.

राखरांगोळी:
त्याला सांगा, पीपीएमचा आकडा माल्टचा असतो, बाटलीतल्या दारूचा नाही. पाण्यात भिजवताना, ऊर्ध्वपातनात आणि मग पिंपातल्या वर्षांत त्यातला बराच भाग गळतो. लागाव्हुलिन आणि कल ईला दोघींचं माल्ट पोर्ट एलनच्याच कारखान्यातलं, दोन्हीकडे सुमारे 35 पीपीएम. तरी लागाव्हुलिन जड आणि कल ईला स्वच्छ, समुद्रकाठच्या शेकोटीसारखी. फरक भट्टीत पडतो. जड फिनॉल्स धारेच्या शेवटाकडे उतरतात. धार लवकर तोडली, म्हणजे दारू जमवणं लवकर थांबवलं, की ती मागे राहतात. कल ईलाचे हंडे उंच आणि कमी भरलेले, त्यामुळे जड वाफ वरपर्यंत न पोचता परत खाली पडते.

धूर नको म्हणणाऱ्यालाही चौथा ग्लास द्या, पण 5 मिली, आणि सगळ्यांच्या शेवटी. पुष्कळांना धुरापेक्षा आयोडिनसारखा, इस्पितळाचा वास नको असतो. तो लाफ्रोइगमध्ये ठळक, कल ईलात बराच कमी. तरीही नको म्हणाला तर आग्रह करू नका, बुनाहावेनचा ग्लास त्याच्यापुढे ठेवा.

बाटल्या झाकून ओता. ग्लासांखाली नुसते 1 ते 4 आकडे, आणि प्रत्येकाने बोलण्याआधी दोन शब्द कागदावर लिहायचे. पहिला माणूस "मनुका" म्हणाला की उरलेल्या पाचांनाही मनुकाच येतात.

पिंपपारखी:
झाकून ओतायला +१. शेरीच्या ग्लासाबद्दल एक राहिलं. कधी कधी विझलेल्या काडीचा किंवा जळक्या रबराचा वास येतो. पिंपं वाहतुकीत आंबू नयेत म्हणून आत गंधक जाळतात, तो गंधक दारूत उतरतो. काहींच्या नाकाला तो अजिबात कळत नाही, काहींना पहिल्या श्वासात. त्यामुळे सहांपैकी एकटाच तोंड वाकडं करत असेल तर तो नखरे करत नाहीये. मात्र ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा आहे, बाटली परत द्या.

थेंबथेंब:
उरलेल्यांचं. 700 मिलीच्या बाटलीतून सहा जणांचे 90 मिली गेले की 610 उरतात. 100 मिलीच्या सहा काचेच्या बाटल्या आणा, काठोकाठ भरा, नाव आणि तारीख चिकटवा, प्रत्येकाने आपापली घरी न्यायची. वर्गणी समान, वाटणीही समान. उरलेले 10 मिली ओतणाऱ्याची मजुरी. प्लॅस्टिक नको, वास धरतं आणि सोडतंही.

वाटायची नसेल तर उभी, अंधारात ठेवा. वाइनसारखी आडवी नाही, 40% च्या वरचं अल्कोहोल बूच खातं. निम्म्याच्या वर भरलेली असेल तर घाई नाही. एक-तृतीयांशावर आली की आतल्या हवेने काही महिन्यांत चपटी पडते, तेव्हा छोट्या बाटलीत काढा. बूच तुटून आत पडलंच तर कॉफीच्या फिल्टरमधून गाळा आणि जुन्या बाटलीचं बूच धुऊन लावा.

अर्धा_पेग:
100 मिलीच्या बाटल्या आणि ड्रॉपर मागवतोय. चौघींत क्लाइनलिश मिळाली नाही तर?

पिंपपारखी:
ॲरन 10 (46%). मेणचटपणा मिळणार नाही, पण लिंबाची साल आणि बिस्किटासारखी चव आहे. ती डीन्स्टनच्या *आधी* ठेवा, दोघींत ती हलकी.